डाळिंबावरची तार

आईने बांधलेली शेवटची तार डाळिंबाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर होती, आणि ती काढायची वेळ होऊन गेली होती.

बोन्साय करणाऱ्यांना हे समजावायला नको. इतरांसाठी सांगते. फांदीला हवं ते वळण द्यायचं असेल तर तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळतात आणि तारेसकट तिला हलक्या हाताने वाकवतात. तीन-चार महिन्यांत वळण फांदीच्या अंगवळणी पडतं. मग तार काढायची. फांदी जाड होत जाते, तार होत नाही. उशीर झाला की तार सालीत रुतते. आणखी उशीर झाला की साल तिला गिळू लागते, आतला रस अडतो आणि कधी कधी तारेच्या पुढचं सगळं वाळून जातं.

आईने ही तार एका रविवारी दुपारी बांधली. त्यानंतर नऊ दिवसांनी ती कामावर खुर्चीतून उठली, टेबलाला धरून पुन्हा खाली बसली, आणि तेवढंच. या गोष्टीला पाच महिने झाले होते.

आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. एकतीस वर्षं. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात दात बसवायची, आणि ज्यांचे काही दात शाबूत असतील त्यांच्या कवळीला शेजारच्या दातात अडकणारे तारेचे बारीक आकडे करायची. आकडा एकाच वाकवण्यात जमला पाहिजे, दोनदा वाकवलेली तार पुढे तुटते, असं ती सांगे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ती म्हणायची, "माझं भरतंय की." बाबा शहर बसवर चालक होते. ते प्रवाशांना ऐकवायचे, "या गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या बायकोच्या दातांनी हसतात." त्यावर आई म्हणायची, "आणि उरलेली तुमच्या गाडीत बसून रडतात."

झाडांना ती सकाळची वीस मिनिटं द्यायची आणि रविवारची दुपार. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत दोन फळ्यांवर चौदा कुंड्या होत्या. तिथेच एका कोपऱ्यात कपडे वाळायचे, तिथेच मी पाढे पाठ करायची. मी तेराच्या पाढ्यात चुकले की तिची कातर थांबायची; मान मात्र वर व्हायची नाही. बाबांनी झाडांना कधी हात लावला नाही. "मूर्ती लहान, मागण्या महान," एवढंच ते म्हणत. पण शेवटच्या थांब्याजवळच्या मोरीवर चांगलं शेवाळ यायचं, ते खरवडून डब्याच्या झाकणात घालून आणून द्यायचे. आई ते मातीवर चिकटवायची. यावरून दोघांत आभार वगैरे कधी झालेलं मला आठवत नाही.

डाळिंब त्यांतलं सगळ्यात जुनं. त्याला डाव्या बाजूला, खाली, फांदीच नव्हती. समोरून झाड एका खांद्याने पडल्यासारखं दिसायचं. आईने तिथे डोळा फुटायची आठ वर्षं वाट पाहिली. लोक कलम करून फांदी चिकटवतात, तिने तसं केलं नाही. एका वर्षी तो फुटला. फांदी पेन्सिलीएवढी होईपर्यंत आणखी तीन वर्षं गेली, आणि ती सरळ वर जायला लागली म्हणून त्या रविवारी आईने तिला तार घातली आणि खाली आणली. म्हणजे त्या एका फांदीत अकरा वर्षं होती. ती वाळली असती तर पुन्हा तिथे डोळा येण्याची वाट पाहायला आता कोणी नव्हतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आई गेल्यावर एक दिवसाआड काम सुटलं की बाबांकडे जायला लागले. मग तिथून घरी, जिथे माझी मुलगी आणि नवरा जेवायला थांबलेले असायचे. झाडं जगवायची हे मी कोणाला न सांगता ठरवलं होतं. आमच्या ग्रंथालयात बोन्सायवर पाच पुस्तकं आहेत, पाचही माझ्या नावावर काढली. पाणी कधी, ऊन किती, कीड कोणती, सगळं वाचलं. आठवड्यातून दोनदा पातळ केलेलं खत द्यायला लागले. झाडं अशी तरारली की शेजारच्या काकू म्हणाल्या, "आईपेक्षा तुझा हात चांगला दिसतोय." मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून लाजही वाटली.

तार रुततेय हे मला तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दिसलं. वेढ्यांच्या दोन्ही बाजूंनी साल फुगून वर आली होती.

"बाबा, डाळिंबाची तार काढायला हवी."

ते वर्तमानपत्र वाचत होते. "ती नको."

"रुतायला लागलीय."

"तिनं बांधलीय ती. तिला कळत होतं काय करतेय ते."

"तिनं कायमची नव्हती बांधली."

"हे बघ," त्यांनी पेपर खाली ठेवला. "तेरा झाडं तुझी. छाट, काप, दुसऱ्या कुंडीत लाव, काही म्हणणार नाही. त्याला हात लावायचा नाही."

मी लावला नाही. मला वाटलं, आणखी आठ दिवसांनी स्वतःच हो म्हणतील. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. दर वेळी उत्तर लहान होत गेलं. शेवटी नुसती मान हलायची. दर वेळी वेढे जरा आत गेलेले असायचे. मी घरी जाताना बसमध्ये वाक्यं जुळवायची: तुम्हाला झाड हवंय की तार, वगैरे. चांगली वाक्यं असायची. पुढच्या खेपेला त्यांच्या समोर चहाचा कप ठेवताना त्यातलं एकही तोंडातून निघायचं नाही.

लॅबमध्ये प्रत्येक कवळीच्या ट्रेला पिवळी चिठ्ठी बांधलेली असते. कोणाची, कुठली, कधी द्यायची. आई झाडाला तार घातली की तसलीच चिठ्ठी कुंडीला बांधायची, त्यावर तार काढायची तारीख. डाळिंबाच्या कुंडीला चिठ्ठी नव्हती. ती बांधायची राहून गेली असं मी धरून चालले होते. एका संध्याकाळी बाबांचे कपडे मशीनमध्ये टाकताना खिसे तपासले, तर निळ्या शर्टाच्या खिशात ती सापडली. दोरा तसाच, गाठ न सोडता कापलेला. 'डाळिंब, डावी खालची. काढणे,' आणि आईच्या सरळ अक्षरात तारीख. तारखेला पाच आठवडे उलटले होते.

म्हणजे ते रोज हे खिशात घेऊन फिरत होते. शर्ट बदलला की चिठ्ठीही नव्या खिशात जात असणार. त्या दिवशी विसरले.

मी शर्ट धुतला, दोन दिवसांनी इस्त्री केला आणि चिठ्ठी परत त्याच खिशात ठेवली. बाबांनी तो शर्ट घातला. त्या दिवशी मी गॅलरीत असताना ते तिकडे फिरकले नाहीत, आणि मी निघाले तेव्हा दारापर्यंत न येता खुर्चीतूनच "सावकाश जा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या सलूनमध्ये गेले.

मामा आईचे सख्खे भाऊ नव्हेत. चौकात त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे, आणि आरशाखाली, पावडरीच्या डब्यांशेजारी, तळहातावर मावतील अशी तीन झाडं. आईची आणि त्यांची ओळख झाडांवरून. ते तिला ताई म्हणत, म्हणून ते माझे मामा. महिन्यातून एका रविवारी ते घरी येत, आणि दोघं एखाद्या फांदीवरून तास तास वाद घालत.

"या भाचीबाई," ते म्हणाले. एका गिऱ्हाईकाच्या गालावर फेस होता. "झाडं काय म्हणतायत?"

"डाळिंबाची तार रुतलीय मामा."

"किती?"

"काही वेढ्यांचा नुसता वरचा काठ दिसतो."

वस्तरा थांबला. "एवढी? ताईंची तार? ताई असं कधी..." ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

"अहो," खुर्चीतला माणूस म्हणाला, "झाडाचं बघा, पण वस्तरा माझ्या गळ्यावर आहे."

मामांनी वस्तरा उचलला. मी थोडक्यात सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही.

"भावोजींना सांगून उपयोग नाही. त्यांनी कधी कोणाचं ऐकलंय? इथं बेल मारली तर पुढच्या थांब्याला गाडी उभी करायचे." त्यांनी गिऱ्हाईकाचा फेस पुसला. "रविवारी येतो. केस वाढलेत का त्यांचे?"

"कानावर आलेत."

"मग झालं तर."

रविवारी मामा पेटी घेऊन आले. गॅलरीत उजेड चांगला आहे म्हणून बाबांना तिथे खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली. बाबांना काय चाललंय ते कळलं होतं. ते न कळण्याइतके साधे नाहीत. पण केस खरंच वाढले होते. मामांनी सगळं डोकं नीट केलं, मानेवरचे बारीक केस झटकले, आणि कातर पुसता पुसता डाळिंबासमोर उकिडवे बसले. फांदीखालून एक बोट फिरवलं. मग पानं उलटून पाहिली.

"खत कोण देतं?"

"मी," मी म्हणाले.

"याला पण?"

"सगळ्यांना. आठवड्यातून दोनदा."

"तार असताना?"

पाच पुस्तकांपैकी एकात ते असणार. मी तारेचं प्रकरण वाचलं होतं आणि खताचंही वाचलं होतं, पण वेगवेगळ्या संध्याकाळी.

"ताई तार घातली की खत बंद करायच्या," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, सलूनमध्ये गिऱ्हाईकाला कोंडा आहे सांगतात तसा होता. "फांदीनं अंग धरायला नको म्हणून. ही चार महिन्यांत व्हायची तेवढी जाड दोनातच झाली असणार. चिठ्ठीवरची तारीख यायच्या आधीच तार रुतायला लागली होती."

चादरीतून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं असावं. त्यांना चिठ्ठीचा उल्लेख कळला होता, आणि मामांना ते कोणी सांगितलं हेही.

"म्हणजे मी तारीख लपवली," ते हळूच म्हणाले, "आणि हिनं त्याला खाऊ घातलं."

"तसंच काहीसं."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," बाबा म्हणाले. "कोणाला बोलायचं?"

मी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं त्या वेळी माझ्याजवळ होती. ती कुठल्याच कामाची राहिली नव्हती. मी फरशीवरचे केस झाडूने एकत्र करायला लागले.

"काढायची असेल तर एका अटीवर," बाबा म्हणाले. "कापायची नाही. तिनं गुंडाळली तशी उलटी उलगडायची. अख्खी निघाली पाहिजे."

"उलटी येत नाही ती."

"का नाही येत? पुढं गेलेली गाडी मागं घेता येते."

"भावोजी, ही बस नाही."

"करून तर बघ."

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी डाळिंबाची वरची एक नको असलेली काडी कापली, पेटीशेजारच्या आईच्या तारांच्या डब्यातून एक नवा तुकडा घेतला, काडीवर आठ-दहा वेढे दिले आणि ती बाबांच्या हातात ठेवली. "घ्या. उलगडा."

बाबांनी चष्मा वर केला. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात; ते अजून थरथरत नाहीत. पहिला वेढा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला काडी हातातच वळली आणि कट् करून मोडली.

"डाळिंब असंच," मामा म्हणाले. "वरून चिवट, आतून ठिसूळ. आणि ही तर सैल तार होती."

बाबा मोडलेल्या काडीकडे बघत होते. "मग ती कशी काढायची?"

"ताई? कापून. एकेक वेढा, तुकडे तुकडे. दर वेळी."

"आणि ते तुकडे?"

"भंगारात. फळीखाली डबा असायचा बघा, तो भरला की द्यायच्या."

"ठेवायची नाही?"

"कशाला? एकदा वाकलेली तार पुन्हा घालत नसत कधी. हे त्या लॅबमधूनच शिकल्या होत्या."

बाबा मोडलेली काडी हातात घेऊन बसून राहिले. गॅलरीत चादर पांघरून, केस ताजे कापलेले, त्यामुळे कान मोठे दिसणारे. "मी रोज इथंच बसून चहा प्यायचो," ते म्हणाले. "हे कधी बघितलं नाही मी."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती चौथ्या किकला सुरू झाली आणि निघून गेली.

"कापा," बाबा म्हणाले. मग मामांनी पक्कड उचलल्यावर, "तू नको. हिला कापू दे."

पक्कड आईची, लॅबमधली. तिचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं आहे, कारण ती माणसाच्या तोंडातल्या तारांसाठी केलेली. टोकाकडून सुरुवात करायला मामांनी सांगितलं: पकडीचं तोंड सालीला टेकवायचं नाही, वेढा जिथे सगळ्यात वर आलाय तिथेच कापायचा, आणि तुकडा ओढायचा नाही, नुसता उचलायचा. पहिले चार वेढे सहज निघाले. बाबांनी चादरीतून हात काढून तळवा पुढे धरला, मी तुकडे त्यात ठेवत गेले. पाचव्यापासून प्रत्येक वेढा आधी चिमट्याने सोडवावा लागला. खाली मोज्याच्या इलॅस्टिकचा पायावर उठतो तसा वळ, फक्त खोल, आणि तळाशी ओलसर हिरवा.

"हिरवं आहे," मामा म्हणाले. "चालू दे."

अकरावा वेढा दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंची साल त्याच्यावर येऊन मिळाली होती. मी पक्कड तिथे नेली आणि थांबले.

"तो राहू दे," मामा म्हणाले. "खणायला गेलीस तर सगळी साल जाईल. दोन्हीकडची टोकं बरोबर काप. बाकीचं झाड बघून घेईल."

"आत राहील?" बाबांनी विचारलं.

"राहील. बाहेरून दिसायचा नाही."

बाबांनी मान हलवली. आनंदाने नाही, दुःखानेही नाही. पुढचा रस्ता बंद आहे असं कोणी सांगितल्यावर हलवावी तशी.

चौदावा वेढा खोडाला धरून होता. तो कापला आणि फांदी हलली. मी घाबरून हात काढला. काही मोडलं नव्हतं. ती फक्त वर उठत होती, अगदी थोडी, बोटभर, आणि तिथे थांबली.

"उठली," बाबा म्हणाले.

"एवढी उठतेच," मामा म्हणाले. "पण अशी सोडली तर आणखी उठेल, महिनाभरात पूर्वीसारखी सरळ. धरून ठेवायला हवी. पुन्हा तार मात्र या सालीवर घालता येणार नाही."

"मग?"

"दोरी. फांदीला बांधायची आणि खाली कुंडीच्या काठाला ओढून ठेवायची. मध्ये रबर, म्हणजे साल दुखणार नाही."

मामांच्या पेटीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, वस्तऱ्याची मूठ गुंडाळायला ठेवलेला. त्यातली बारीक पट्टी कापली. सुती दोरी घरात होती. मी दोन वळांच्या मधल्या बऱ्या जागेवर रबर ठेवून दोरी बांधायला लागले. खालचं टोक ताणायची तर वरची गाठ घसरायची. वरची घट्ट करायची तर फांदी उठायची. तीन वेळा झालं.

"सरक," बाबा म्हणाले. त्यांनी चादर सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि माझ्या शेजारी खाली बसले, गुडघ्यावर हात देत, दोन टप्प्यांत. "आई तारेत वाकबगार होती. दोरी तिचं काम नव्हे."

"आणि तुमचं?"

"चालक व्हायच्या आधी तीन वर्षं मी टपावरचं सामान बांधायचो. ट्रंका, सायकली, एकदा एक कपाट, आरशासकट. घाटातून नेलं ते. तडा गेला नाही." त्यांनी फांदी एका बोटाने खाली दाबली, बरोबर आईने आणली होती तेवढी. मी मापाने सांगत नाही, डोळ्यांनी सांगते. मामांनीही मान हलवली. मग दुसऱ्या हाताने दोरी कुंडीच्या काठाखालून घेतली, एक फेर, एक फास, आणि बोट काढलं. फांदी तिथेच राहिली.

मामा वाकून बघत होते. "अशी गाठ मी बघितली नाही."

"ओढलं की घट्ट होते, आणि हे टोक ओढलं की सुटते. गाडी थांब्यावर मिनिटभरच उभी असते, गाठ सोडत बसायला वेळ कुठला." त्यांनी टोक ओढलं. दोरी एकदम सैल पडली, फांदी बोटभर उठली. त्यांनी पुन्हा दाबली. "आता तू बांध."

मी बांधली. पहिल्यांदा फास उलटा पडला. "आरसा फुटला," बाबा म्हणाले. दुसऱ्यांदा बांधली ती धरून राहिली. त्यांनी दोरीला टिचकी मारून ताण पाहिला आणि हात मागे घेतला.

तारेचे तुकडे अजून त्यांच्या डाव्या मुठीत होते, ते मला तेव्हा दिसलं. दोरी बांधताना ते त्यांनी तीन बोटांनी धरून ठेवले असावेत. मग हात लांब करून त्यांनी फळीखालचा डबा पुढे ओढला, मूठ उघडली, आणि तुकडे त्यात पडू दिले. तळहातावर त्यांचे बारीक वाकडे ठसे उमटले होते. ते त्यांनी पायजम्यावर पुसले.

"जगेल का?" त्यांनी मामांना विचारलं.

"टोकाची पानं बघत राहा. महिनाभर ती हिरवी राहिली तर जगली. खत बंद," हे माझ्याकडे बघून, "आणि घाई नाही."

"आणि ही दोरी कधी सोडायची?"

मामांनी फांदीकडे पाहिलं, मग बोटांवर महिने मोजले. "फेब्रुवारी. पहिला आठवडा."

"फेब्रुवारी, पहिला आठवडा," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तूही लक्षात ठेव गं. माझ्या एकट्यावर सोडू नकोस."